दोराबजी टाटा : विजेचे भांडवल आणि विजेची किंमत

वीजनिर्मितीचा विचार आपल्याकडे बहुधा मेगावॉटच्या भाषेत होतो. किती केंद्रे उभी राहिली, किती उभी राहावयाची आहेत, कोळशावर किती आणि पाण्यावर, वाऱ्यावर, उन्हावर किती, एवढा हिशेब मांडला की विषय संपला असे मानले जाते. परंतु वीज केवळ यंत्रांतून निर्माण होत नाही. तिच्यासाठी कोणालातरी आधी पैसा अडकवावा लागतो, कोणालातरी धोका पत्करावा लागतो आणि कोणालातरी आपली जमीन व आपले पाणी सोडावे लागते. या तिन्ही गोष्टींचा एकत्रित विचार करावयाचा तर सर दोराबजी टाटा यांच्या चरित्राइतके बोधप्रद उदाहरण महाराष्ट्रात सापडणे कठीण आहे. रायगड जिल्ह्यातील खालापूर तालुक्यात खोपोली आणि कर्जत तालुक्यात भिवपुरी येथे जी जलविद्युत केंद्रे आजही चालू आहेत, ती दोन्ही त्यांच्याच कारकिर्दीत उभी राहिली. त्याच भिवपुरीला १,००० मेगावॉटचा नवा प्रकल्प उभारण्याचा करार २०२३ साली झाला आहे. तेव्हा शंभर वर्षांपूर्वीचा हा जमाखर्च पुन्हा एकदा तपासून पाहणे अवश्य आहे.

दोराबजींचा जन्म २७ ऑगस्ट १८५९ रोजी मुंबईत झाला. जमशेटजी टाटांचे ते थोरले पुत्र. धाकटे बंधू रतन हे त्यांच्याहून बारा वर्षांनी लहान असल्याने वडिलांच्या उद्योगाचा भार आपल्यावर येणार हे त्यांना लहानपणापासूनच ठाऊक होते. मुंबईतील शालेय शिक्षणानंतर १८७५ साली त्यांना इंग्लंडला पाठविण्यात आले. केंब्रिज विद्यापीठात त्यांनी दोन वर्षे काढली. पुस्तकांपेक्षा क्रिकेट आणि फुटबॉल या खेळांत तेथे त्यांचे मन अधिक रमले. १८७९ मध्ये ते परत आले आणि मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातून १८८२ साली पदवीधर झाले. त्यानंतर दोन वर्षे त्यांनी ‘बॉम्बे गॅझेट’ या वृत्तपत्रात काम केले. गिरणीमालकाच्या मुलाने वृत्तपत्राच्या कचेरीत नोकरी करावी, हे त्या काळच्या मुंबईला थोडे चमत्कारिकच वाटले असेल. पण बातमीची छाननी करण्याची, आकडा पडताळून पाहण्याची सवय त्यांना पुढे उपयोगी पडली असावी.

१८८४ पासून ते वडिलांच्या व्यवसायात आले. पाँडिचेरीत कापडाचा उद्योग काढता येईल काय याची पाहणी करणे, नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये उमेदवारी करणे, अशी कामे त्यांच्याकडे होती. १८९८ साली त्यांचा विवाह मेहेरबाई भाभा यांच्याशी झाला. म्हैसूर संस्थानातील शिक्षणाधिकारी होरमसजी भाभा यांच्या त्या कन्या आणि पुढे अणुशास्त्रज्ञ म्हणून ख्यातनाम झालेल्या होमी भाभा यांच्या आत्या. दोराबजींना अपत्य झाले नाही. ही केवळ खासगी बाब वाटेल. परंतु त्यांच्या संपत्तीला अखेर जे वळण लागले त्याचा विचार करताना ती ध्यानात ठेवावी लागते.

अपुरा राहिलेला संकल्प

जमशेटजींचे १९ मे १९०४ रोजी जर्मनीत निधन झाले. त्यांच्या मागे तीन मोठे संकल्प अपुरे राहिले होते: पोलादाचा कारखाना, विज्ञान संशोधनाची संस्था आणि पश्चिम घाटातील पाण्यापासून वीज. पहिल्यासाठी दोराबजी स्वतः मध्य प्रांतात भूगर्भतज्ज्ञांबरोबर हिंडले होते. नागपूरच्या संग्रहालयातील भूस्तरीय नकाशा पाहून दुर्ग जिल्ह्यातील लोहखनिजाकडे त्यांचे लक्ष गेले. १९०७ साली टाटा आयर्न अँड स्टील कंपनी स्थापन झाली आणि तिचे भाग घेण्यासाठी मुंबईत भारतीय गुंतवणूकदारांची झुंबड उडाली. दुसरा संकल्प बंगळुरूच्या विज्ञान संस्थेच्या रूपाने साकार झाला. तिसरा संकल्प मात्र वेगळ्या जातीचा होता, आणि त्याचे अर्थशास्त्र समजून घेतल्याखेरीज दोराबजींचे कर्तृत्व समजणार नाही.

त्या काळी मुंबईच्या गिरण्या वाफेवर चालत. वाफेसाठी कोळसा लागे, आणि कोळशाच्या खाणी होत्या दूर बंगालमध्ये. रेल्वेने किंवा समुद्रमार्गे आणलेल्या कोळशाचे भाडेच मोठे पडे. धुरामुळे गिरणगावातील माणसांच्या छातीत काजळी साठे ती निराळीच. मुंबईपासून चाळीस मैलांवर मात्र सह्याद्रीच्या माथ्यावर दर पावसाळ्यात अफाट पाणी कोसळते. लोणावळ्याच्या आसपास पडणारे ते पाणी इंद्रायणीतून आणि भीमेतून पूर्वेकडे जाऊन अखेर बंगालच्या उपसागराला मिळते. ते माथ्यावरच अडवून पश्चिमेकडे कोकणात सोडले, तर सतराशे फुटांच्या उतरणीवर त्यातून प्रचंड शक्ती मिळू शकते. मुंबईतील अभियंते डेव्हिड गोस्टलिंग यांनी ही कल्पना जमशेटजींपुढे मांडली होती. पाऊस चार महिने पडतो आणि गिरण्या बारा महिने चालतात, ही यातली मुख्य अडचण. म्हणून धबधब्याचा शोध घेणे पुरेसे नव्हते. वर्षभर पुरेल एवढे पाणी साठविणारे तलाव बांधणे हाच या योजनेचा गाभा होता.

असे तलाव, कालवे आणि नळ बांधावयाचे तर सगळा खर्च आधी करावा लागतो. औष्णिक वीजकेंद्राला रोज कोळसा विकत घ्यावा लागतो. जलविद्युत केंद्राला पाणी फुकट मिळते, पण भांडवल मात्र पहिल्या युनिटच्या आधीच अडकून पडते. त्यातच ग्राहकांची हमी नसेल तर भांडवल मिळत नाही, आणि केंद्र उभे राहिल्याशिवाय ग्राहक हमी देत नाहीत. गिरणीमालकांनी वाफेच्या यंत्रांत पैसा घातलेला होता. तो मोडीत काढून तारेने येणाऱ्या अदृश्य शक्तीवर भिस्त ठेवण्यास ते सहजासहजी तयार नव्हते. म्हैसूर संस्थानात शिवसमुद्रम येथे १९०२ साली जलविद्युत सुरू झाली होती आणि कोलारच्या सोन्याच्या खाणींना ती पुरविली जात होती. परंतु तेथे पाठीशी संस्थान होते. मुंबईत हा भार खासगी कंपनीला उचलावयाचा होता.

सरकारी परवाना १९०७ साली मिळाला. दोराबजींनी प्रथम लंडनच्या बाजारात भांडवलाचा प्रयत्न केला. तो सफल झाला नाही. मग मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांनी भारतीय भांडवलावर भर देण्यास प्रोत्साहन दिले, आणि दोराबजी संस्थानिकांकडे व मुंबईच्या व्यापाऱ्यांकडे वळले. १९१० साली टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक पॉवर सप्लाय कंपनी स्थापन झाली. त्याच वर्षी दोराबजींना ‘सर’ हा किताब मिळाला. ८ फेब्रुवारी १९११ रोजी गव्हर्नरांच्या हस्ते लोणावळ्याला पायाभरणी झाली. वळवण, लोणावळा आणि शिरवते येथे हजारो मजुरांच्या हातांनी धरणे उठली. माथ्यावरून खोपोलीपर्यंत पोलादी नळ उतरले. महायुद्ध पेटल्याने युरोपातून यावयाच्या यंत्रसामग्रीची चिंता होतीच. तरीही फेब्रुवारी १९१५ मध्ये लॉर्ड विलिंग्डन यांच्या हस्ते खोपोलीच्या केंद्राचे उद्घाटन झाले आणि एक लाख व्होल्ट दाबाच्या तारांतून वीज परळला पोहोचली.

एका केंद्रावर दोराबजी थांबले नाहीत. १९१६ साली आंध्रा व्हॅली पॉवर सप्लाय कंपनी निघाली. ठोकरवाडी येथे आंध्रा नदीवर धरण झाले आणि १९२२ पासून भिवपुरीचे केंद्र चालू झाले. १९१९ साली तिसरी कंपनी स्थापन होऊन मुळशीचे धरण व भिरा येथील केंद्र १९२७ मध्ये पूर्ण झाले. आज खोपोलीची क्षमता ७२, भिवपुरीची ७५ आणि भिऱ्याची ३०० मेगावॉट आहे. भिऱ्याच्या आकड्यातील निम्मी क्षमता नंतरच्या विस्ताराची. गिरण्यांपाठोपाठ रेल्वे, ट्रामगाड्या आणि घरगुती दिवे यांनाही ही वीज मिळू लागली. मुंबई शहर अखंड विजेचे शहर म्हणून ओळखले गेले, त्याचे मूळ घाटाच्या या उतारावर आहे.

जमाखर्चातील रिकामा रकाना

येथपर्यंतची हकीकत उद्यमशीलतेच्या गौरवाची आहे आणि तो गौरव रास्तच आहे. परंतु चरित्र लिहावयाचे ते सबंध लिहिले पाहिजे. मुळशी पेट्यातील निळा आणि मुळा नद्यांच्या खोऱ्यात पन्नासच्या आसपास गावे धरणाच्या पाण्याखाली जाणार होती. ती गावे मावळ्यांची, भातशेतीची. कंपनी खासगी असली तरी जमीन मिळविण्यासाठी सरकारने १८९४ चा भूसंपादन कायदा वापरला. एप्रिल १९२१ मध्ये रामनवमीच्या मुहूर्तावर सत्याग्रह सुरू झाला. विनायकराव भुस्कुटे आणि पांडुरंग महादेव बापट हे त्याचे नेते. बापटांना ‘सेनापती’ ही पदवी याच लढ्याने दिली. जगातील अगदी प्रारंभीच्या धरणविरोधी लढ्यांत मुळशीची गणना होते.

हा लढा १९२४ च्या अखेरीस मावळला. त्याच्या अपयशाचे एक कारण अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. पेट्यातील बऱ्याच जमिनी पुण्याच्या सावकारांच्या नावावर गेल्या होत्या. त्यांना जमिनीचे पैसे हवे होते आणि भरपाईची रक्कम वाढताच त्यांचा विरोध ओसरला. जो कसत होता त्याला मात्र रकमेपेक्षा रान हवे होते. भरपाई मिळते ती कागदावरील मालकाला. विस्थापित होतो तो नांगरामागचा माणूस. पुढे देशात शेकडो धरणांवर हेच पुन्हा पुन्हा घडले. महाराष्ट्राने प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा केला तो १९७६ साली, म्हणजे मुळशीनंतर अर्ध्या शतकाने.

दोराबजी व्यक्तिशः कठोर होते असे त्यांच्या आयुष्यावरून दिसत नाही. १९२० साली अँटवर्पच्या ऑलिंपिकला भारतीय खेळाडू पाठविता यावेत म्हणून त्यांनी पदरचा पैसा खर्च केला होता. १९२४ साली पोलाद कंपनी पगार देण्याच्याही अवस्थेत राहिली नाही, तेव्हा त्यांनी आपली सुमारे एक कोटी रुपयांची खासगी मालमत्ता, पत्नीच्या दागिन्यांसह, इंपीरियल बँकेकडे तारण ठेवली आणि कारखाना वाचविला. स्वतःचे सर्वस्व पणाला लावणाऱ्या माणसाच्या हिशेबात मुळशीच्या कुळाचे सर्वस्व का धरले गेले नाही, हा प्रश्न म्हणूनच बोचतो. त्याचे उत्तर व्यक्तीच्या स्वभावात शोधण्यापेक्षा हिशेबाच्या पद्धतीत शोधावे हे बरे. भागधारकाचा धोका वहीत लिहिला जातो, कारण त्याच्या हाती भागपत्र असते. कुळाच्या हाती कोणताच कागद नव्हता, म्हणून त्याचा रकाना रिकामा राहिला.

भांडवलाच्या बाजूनेही अखेरची वर्षे सुखाची गेली नाहीत. तीन कंपन्यांत पैसा अडकलेला, गिरणधंद्यात मंदी. अशा स्थितीत १९२९ साली जलविद्युत कंपन्यांच्या व्यवस्थापनात अमेरिकन भांडवलाला भागीदार करून घेणे भाग पडले. जून १९३१ मध्ये मेहेरबाईंचे रक्ताच्या कर्करोगाने निधन झाले. त्यानंतर दोराबजी खचले. १९३२ च्या मार्चमध्ये त्यांनी आपली जवळजवळ सर्व संपत्ती विश्वस्त निधीच्या स्वाधीन केली, आणि ३ जून १९३२ रोजी जर्मनीतील बाट किसिंगेन येथे त्यांचा मृत्यू झाला. इंग्लंडमधील ब्रुकवुड येथे पत्नीच्या सान्निध्यात त्यांची समाधी आहे.

त्यांच्या निधीतून १९३६ साली समाजकार्याचे शिक्षण देणारी संस्था निघाली. ‘टाटा समाजविज्ञान संस्था’ या नावाने ती आज ओळखली जाते. पुढे सरदार सरोवराच्या महाराष्ट्रातील विस्थापितांच्या पुनर्वसनाचे मूल्यमापन या संस्थेने केले. ज्यांच्या कंपनीच्या धरणाने मुळशीचे कूळ बेघर केले त्यांच्याच पैशातून विस्थापितांचा हिशेब मांडण्याची विद्या या देशात रुजली, ही घटना विलक्षण म्हणावी लागेल. वहीतला रिकामा रकाना कसा भरावा, हे शिकविण्याची सोय दोराबजींच्या विश्वस्त निधीतूनच झाली.

कर्जत-खालापूरपुढील प्रश्न

कर्जत आणि खालापूर या तालुक्यांना या विजेने काय दिले? खोपोलीला कारखानदारी आली, रोजगार आला. केंद्रातून बाहेर पडणारे पाणी पाताळगंगेत उतरते आणि त्यावर खालची औद्योगिक वसाहत व नळयोजना चालतात. भिवपुरीच्या पाण्यावर राजनाला कालवा निघाला आणि कर्जतच्या काही गावांत उन्हाळ्यातही भात उभे राहू लागले. हे लाभ लहान नाहीत. परंतु १९१५ पासून डोक्यावरून तारा गेल्या आणि त्या तारांखालच्या ठाकरवाड्या व कातकरीवाड्या पुढे कित्येक दशके कंदिलावर राहिल्या, हेही तितकेच खरे. तारेचा मार्ग मागणीच्या दिशेने जातो, आणि मागणी म्हणजे पैसे देण्याची ऐपत. १९६० साली राज्य वीज मंडळ स्थापन झाले आणि १९६२ मध्ये कोयनेची वीज आली. खेड्यापर्यंत दिवा नेणे हे सरकारचे कर्तव्य ठरले ते तेव्हापासून. खासगी भांडवलाची हिंमत आणि सार्वजनिक यंत्रणेची जबाबदारी, दोहोंपैकी एकाने ते काम झाले नसते.

पाण्याचा प्रश्नही मिटलेला नाही. पूर्वेकडे वाहणारे पाणी पश्चिमेला वळविले म्हणजे भीमा खोऱ्याच्या वाट्यातून ते वजा झाले. कृष्णा पाणी तंटा लवादाने या वळविण्यावर मर्यादा घातली. दुष्काळाच्या वर्षी सोलापूर जिल्ह्यातून हे पाणी मागितले जाते, तेव्हा त्या मागणीला अव्यवहार्य म्हणून झटकून टाकता येत नाही. आणि पाताळगंगा व उल्हास नद्यांच्या काठी शंभर वर्षांत जी वस्ती त्या पाण्यावर जगू लागली, तिलाही विसरता येत नाही.

आता काळाने निराळे वळण घेतले आहे. सूर्यापासून मिळणारी वीज दिवसा मुबलक असते आणि संध्याकाळी, दिवे लागणीच्या वेळी, नाहीशी होते. ती साठविण्याचा मोठा व जुना उपाय म्हणजे दुपारी स्वस्त विजेने पाणी वर चढविणे आणि संध्याकाळी तेच पाणी खाली सोडून वीज काढणे. त्यात काही वीज खर्ची पडते, सुमारे पाचवा ते चौथा हिस्सा. पण उरलेली हवी त्या घटकेला मिळते. भिऱ्याला असे एक यंत्र आधीपासून आहे आणि घाटघरला २५० मेगावॉटचा सरकारी प्रकल्प २००८ पासून चालू आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये राज्य सरकार व टाटा पॉवर यांच्यात भिवपुरी येथे १,००० आणि शिरवते येथे १,८०० मेगावॉट क्षमतेच्या अशा प्रकल्पांचा करार झाला. पावसाळ्याचे पाणी उन्हाळ्यासाठी साठविणाऱ्या तलावांनी आता दुपारचे ऊन रात्रीसाठी साठवावे, अशी ही योजना आहे. कोळशावरचा भार कमी करावयाचा असेल तर अशा प्रकल्पांवाचून गत्यंतर नाही. त्यांना तात्त्विक विरोध करण्यात अर्थ नाही.

अर्थ आहे तो अटी आधी ठरविण्यात. उतारावरील जंगलात राहणाऱ्या ठाकर-कातकऱ्यांपैकी ज्यांच्या नावावर सातबारा नाही, त्यांचे वनहक्क २००६ च्या कायद्याप्रमाणे काम सुरू होण्यापूर्वी नोंदले गेले पाहिजेत. चढविलेले पाणी केव्हा सोडले जाणार, त्याचा राजनाल्याच्या पाळीवर काय परिणाम होणार, हे शेतकऱ्यांना लेखी कळले पाहिजे. रोजगारात स्थानिकांचा वाटा किती आणि तो तात्पुरत्या मजुरीपुरता की कायमच्या नोकरीचा, याचा आकडा करारात असला पाहिजे. आणि डोंगराच्या पोटात खोदकाम होणार असल्यास झरे व विहिरी यांची आजची मोजणी करून ठेवली पाहिजे. नंतर पुरावा मागण्यात काही हशील नसते. या गोष्टींना खर्च येईल. तो विजेच्या दरात धरावा आणि मुंबईच्या ग्राहकाने तो द्यावा, कारण वीज त्याच्यासाठी आहे.

दोराबजी टाटांनी ज्या काळात काम केले त्या काळात हे हिशेब मांडण्याची रीत नव्हती, कायदा नव्हता, आणि मागणारा तुरुंगात जात असे. आज कायदा आहे, मागणाऱ्याला मत आहे आणि हिशेब मांडणारी विद्याही आहे. त्यांच्याइतकी हिंमत दाखविणारे भांडवल आज सहज मिळते. आता रिकामा रकाना भरण्याची जबाबदारी टाळण्यास कोणालाही सबब उरलेली नाही.